अधोलीची शीग

मी एक जुनी अधोली आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझं नावसुद्धा ऐकलं नसेल. ऐकणार तरी कुठून? तुम्ही जन्मलात तेव्हा दुकानोदुकानी काटे आले होते आणि आता तर त्यांच्यावर लाल आकडे लुकलुकतात. पण घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारा. पूर्वी ज्वारी, बाजरी, गहू सगळं मापानं मोजत. घरोघरचं मोठं माप म्हणजे पायली, आणि पायलीची निम्मी ती मी, अधोली.

माझं अंग पितळेचं. कमरेत बारीक, खाली-वर रुंद, काठाला जाड कडं. कराडच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. ते ठोके मला तेव्हा फार लागले, खोटं कशाला सांगू! पण पहिल्यांदा माझ्यात शाळू ज्वारी ओतली तेव्हा जो काही नाद उठला, तो ऐकून मी सगळं दुखणं विसरले. पुढं मला आटपाडीच्या पेठेतल्या शमशेर शेठनी विकत घेतलं. त्यांचं धान्याचं दुकान होतं. तिथंच माझं तारुण्य गेलं.

शमशेर शेठ मला भरायचे ते शिगोशीग. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग. दुसरे दुकानदार काठावरून पट्टी फिरवायचे आणि सपाट माप द्यायचे. आमचे शेठ मात्र दोन्ही हातांनी धान्य वर चढवायचे, पार टोक निघेपर्यंत. आणि पहिलं माप टाकताना कधीही ‘एक’ म्हणायचे नाहीत. ‘बरकत’ म्हणायचे. मग दोन, तीन, चार. शेजारच्या दुकानात त्याच जागी ‘लाभ’ म्हणत. अर्थ तोच, की पहिलं माप देवाच्या नावाचं.

पूर्वेकडच्या वाडीतले मेंढपाळ धोंडिराम दर शनिवारी बाजाराला आले की आमच्याच दुकानी यायचे. ते माझ्याखाली आपलं उपरणं पसरायचे आणि म्हणायचे, “शमशेरभाई, शीग ढळू दीऊ नगा बरं का! त्या शिगंवर माझी म्हातारी येक भाकरी थापती.” शेठ हसायचे आणि आणखी एक मूठ वर सोडायचे. त्या वेळी मला जो तोरा चढायचा तो काय सांगू! अख्ख्या आटपाडीत माझ्यासारखं भरलेलं माप नाही, असं लोक म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

मग दिवस पालटले. किलोचे काटे आले. मापं वापरायची नाहीत असा हुकूम निघाला आणि मी दुकानातून घरात आले. शेठच्या बायकोनं, शाहजादीनं, मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. वर्षातून एकदा, रमजान ईदच्या सकाळी, गोरगरिबांना द्यायचे फित्र्याचे गहू ती माझ्यानं मोजायची. तेवढंच काय ते माझं काम. बाकी वर्षभर मी काळी पडत जायचे. त्यांच्या मुलानं, तारिकनं, एकदा माझ्यात टेम्पोचे नटबोल्ट ठेवले होते. ज्या पोटात शाळू खेळला त्यात ग्रीस! मी काय बोलणार? माप बोलत नसतं.

शेठ गेले. दुकान मिटलं. तारिक डाळिंबांचा टेम्पो चालवू लागला, त्याच्या सांगलीच्या खेपा सुरू झाल्या. घरात राहिल्या दोघी. शाहजादी आणि तिची सून समीना. दुकानामागची वखार रिकामी पडली आणि तिथं नुसते उंदीर नाचायला लागले.

समीना मलकापूरची. तिच्या माहेरी परसात कोंबड्या असायच्या. तिच्या मनानं घेतलं, की वखारीच्या खिडक्यांना जाळी मारायची आणि अंड्यांच्या कोंबड्या पाळायच्या. तारिकनं जाळी मारून दिली. तांबड्या रंगाची पिल्लं आली, बघता बघता मोठी झाली, आणि एक दिवस शाहजादीनं मला फळीवरून खाली काढलं. चिंचेनं घासलं, राखेनं पुसलं. म्हणाली, “शेठचं माप हाय. मुक्या जिवांच्या पोटाला लागलं तर सवाब मिळंल, शेठला पुण्य लागंल.”

मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं!

शाहजादी सकाळ-संध्याकाळ वखारीत जायची. भरड्याच्या पोत्यात मला बुडवायची, शीग चढवायची, ‘बरकत’ म्हणायची आणि कोंबड्यांच्या भांड्यांत ओतायची. कोंबड्या पायात घुटमळायच्या. अजून अंड्यावर न आलेल्या अशा तरण्या कोंबडीला आमच्याकडे तलंग म्हणतात. आमच्या तलंगा अशा काही गुबगुबीत झाल्या की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. “काय अंग धरलंय गं! शाहजादीचा हातच तसा हाय,” म्हणायच्या. शाहजादी वरवर ‘माशाअल्ला म्हणा, माशाअल्ला’ करायची, पण आतून सुखावायची. मीही सुखावत होते. शीग माझीच होती ना!

पण अंडी येईनात. इतरांच्या कोंबड्या अंड्यावर आल्या, आमच्या नुसत्या डुलत चालायच्या. मग थोडीफार अंडी आली, पण त्यातच एकेक कोंबडी कोपऱ्यात बसून कण्हायला लागली. अंडं अडकायचं. दोन-चार मेल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं वखारच अपशकुनी. समीना मिरच्या ओवाळून दमली. शेवटी बहुतेक सगळ्या कोंबड्या बाजारात कापायला गेल्या. समीना त्या दिवशी जेवली नाही.

त्यातलीच एक कोंबडी शाहजादीनं घरी ठेवली होती. पाहुणे आले म्हणून ती कापली, आणि नेमकी त्याच वेळी पायल आली. पायल म्हणजे जवळच्या वस्तीवरची पशुसखी. शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणं, त्यांचं खाणंपिणं बघणं हे तिचं काम. तिनं परातीत डोकावलं आणि थबकली.

“चाची, ह्ये बघितलंसा का?” ती म्हणाली. “पोटात सगळा पिवळा गोळा. नुसती चरबी. अंड्याला जागा राहायची कुठं? वाट सुद्धा बुजलीया.”

शाहजादी म्हणाली, “मग चांगलं खाल्लंय म्हण की.”

“लय चांगलं खाल्लं, त्येच वंगाळ झालं,” पायल म्हणाली. “तलंगेला वाढीपुरतं मोजून घालायचं असतंय. पोटभर न्हाई, मापात.”

हे ऐकून शाहजादीचा चेहरा उतरला. ती परात घेऊन आत गेली.

तारिक सांगलीहून आला तेव्हा सगळं ऐकून त्यानं समीनाला सांगितलं, “आनखी येकच खेप. ही बी वाया गेली तर वखारीला कुलूप घालायचं. आपण तिघं सांगलीत खोली घिऊन राहू. हितं राहून करायचं काय?”

समीनानं मान हलवली. शाहजादीनं मानही हलवली नाही. ज्या घराच्या ओट्यावर तिच्या नवऱ्यानं जन्मभर माप टाकलं, ते घर बंद करून सांगलीतल्या एका खोलीत जायचं! बाई भिंतीला टेकून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या खेपेची पिल्लं आली. या वेळी समीनानं सगळं पायलकडून शिकून घेतलं. कोंबडी उचलायची, छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवायचं. हाड सापडतच नाही तर ती माजली. हाड सुरीसारखं टोचतंय तर ती उपाशी आहे. हाड लागावं, पण बोचू नये. खायची भांडी जास्त मांडायची, म्हणजे दांडगट कोंबड्या दुबळ्यांना हुसकत नाहीत. आणि भरडा घालायचा तो काठाइतका. शीग नाही.

समीनानं सुताराकडून एक लाकडी पट्टी आणली. पहिल्याच दिवशी तिनं मला भरलं आणि ती पट्टी माझ्या काठावरून सर्रकन फिरवली. शीग खाली पोत्यात पडली. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावरून असं कुणी काही फिरवलं नव्हतं. मला तर बोडकं झाल्यासारखं वाटलं.

शाहजादी दारात उभी होती. तिनं ते पाहिलं.

“समीना, त्या मापावर कवा कुणी पट्टी फिरवली न्हाई,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

“अम्मी, ती माणसं व्हती. ह्या तलंगा हायत.”

“म्हणून त्यांच्या तोंडचं काढायचं व्हय?”

“तोंडचं न्हाई काढत. पहिल्या बारीला काय झालं बघितलंसा न्हवं?” समीनाही दुखावली होती, तिच्या तोंडून निसटलंच, “तुमच्या शिगंनंच झालं त्ये.”

खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून सगळं बोलायचं असतं का? शाहजादी वळली आणि घरात गेली. त्या दिवसापासून तिनं वखारीत पाऊल टाकलं नाही. समीनाशी बोलायची, भाकरी करायची, सगळं करायची, पण कोंबड्यांचा विषय निघाला की उठून जायची.

त्यात धोंडिराम एका शनिवारी सहज डोकावले. आता त्यांची पाठ वाकली आहे, पण जीभ अजून तशीच. वखारीत समीनाला पट्टी फिरवताना बघून म्हणाले, “आरं तिच्या मारी! शमशेरभाईची अधोली आन् काठ मारून? काय दिवस आलं गड्या!” ते गमतीनं बोलले हो, पण आत चुलीपाशी बसलेल्या शाहजादीच्या काळजाला ते लागलं. तिनं तवा उगीचच जोरात आपटला.

एवढं मात्र सांगितलं पाहिजे, की समीनाचं बरोबर होतं. या तलंगा बेताच्या अंगाच्या, चपळ, तुकतुकीत झाल्या. वेळेवर त्यांचे तुरे लाल झाले. पाठीवर हात ठेवला की खाली बसायला लागल्या, म्हणजे अंडं जवळ आलं. आणि एका सकाळी भुश्यात पहिलं अंडं दिसलं. लहानसं, गुलाबी छटेचं. समीना ते पदरात घेऊन धावत घरात गेली. “अम्मी, बघा!” शाहजादीनं अंडं हातात घेतलं, डोळ्यांना लावलं, चुंबलं आणि परत दिलं. पण वखारीत काही आली नाही.

अंडी वाढत गेली. टोपली भरायला लागली. तारिकचा चेहराही बदलला. सगळं मार्गाला लागलं असं वाटत होतं, आणि तिथंच गाडं अडलं.

थोड्याच आठवड्यांत टोपली पुन्हा हलकी झाली. अंडी कमी, त्यातली काही पातळ कवचाची. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. भांड्यात भरडा पडायचा अवकाश, चाटूनपुसून लख्ख. मग रिकाम्या पत्र्यावर टोचा मारत बसायच्या, टक टक टक टक. समीना घाबरून गेली. पायलला विचारावं तर ती मेंढ्यांच्या लसीकरणाला माळावर गेलेली, तिथं फोन लागेना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. समीनाला वाटलं, पुन्हा चरबी झाली असेल. तिनं पट्टीचं टोक काठाच्या आत दाबून फिरवलं. भरडा माझ्या काठाच्याही खाली राहू लागला.

मला कळत होतं, मित्रांनो. रिकाम्या मापाला रिकामं पोट कळतं. पण सांगणार कसं?

शनिवार उजाडला. तारिक टेम्पोत खुराडी टाकून आला. वखारीच्या दारात उभा राहून म्हणाला, “समीना, बास झालं आता. बाजार हाय आज. आनखी अंगानं उतरल्या तर कुणी घ्यायचं बी न्हाई.”

समीनाचे डोळे भरून आले होते. ती पहिली कोंबडी धरायला वाकली. कोंबड्या घाबरून पत्र्याची भांडी उडवू लागल्या, एकच खणखणाट झाला.

तो खणखणाट घरात गेला. आणि मला पायरीवर पावलं ऐकू आली. कित्येक महिन्यांनी शाहजादी वखारीत आली होती. पिठाचे हात तसेच. तिनं समीनाच्या हातातली कोंबडी घेतली, काखेत धरली आणि छातीवरून बोट फिरवलं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पायल सुनेला शिकवत होती तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकत होती, हे मला तेव्हा उमजलं.

“हाड टोचतंया,” ती म्हणाली. मग समीनाकडं वळली. “पोरी, ह्या तलंगा कवापासून अंडी घालाय लागल्या?”

“दीड-दोन म्हैनं झालं, अम्मी.”

“म्हंजे आता ह्या तलंगा न्हाईत. लेकुरवाळ्या झाल्या.” तिचा आवाज एकदम मऊ झाला. “आगं, बाळंतिणीला पोरीच्या मापानं वाढत्यात व्हय? रोज येक अंडं अंगातनं काढून द्यायचं आन् खायाचं मातुर पहिल्याइतकंच! कशातनं देतील बिचाऱ्या?”

समीना पोत्यावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

तारिक म्हणाला, “अम्मी, पर बाजार...”

“बाजार पुढल्या शनवारी बी हाय, त्याच्या पुढल्या बी हाय,” शाहजादी म्हणाली. “ती खुराडी घिऊन जा. ह्या शमशेर शेठच्या मापानं खात्यात. उपाशी बाजाराला जायाच्या न्हाईत.”

मग तिनं मला उचललं. पिठाच्या त्या हातांनी मला भरड्यात बुडवलं, वर काढलं आणि शीग चढवायला लागली. अर्धवट चढवून तिचा हात थांबला. तिला परातीतला तो पिवळा गोळा आठवला असावा. तिनं सुनेकडं पाहिलं. “एकदम घालू का बेतानं? तू सांग. तू शिकलीयास.”

“बेतानं, अम्मी,” समीना डोळे पुसत म्हणाली. “आधी थोडी शीग. मग रोज थोडी थोडी वाढवू. हाड बघत बघत.”

“बरकत,” शाहजादी म्हणाली, आणि मी भांड्यात रिकामी झाले.

दोन दिवसांनी पायल माळावरून परतली. तिनं कोंबड्या चाचपल्या आणि म्हणाली, अंड्यावर आल्या की खाद्य वाढवायचं असतं, हे सांगायचंच राहून गेलं. शिंपल्यांचा चुरा घालायलाही सांगितलं, कवच पक्कं व्हायला. मग हळूहळू पत्र्यावरची ती टक टक थांबली. टोपली पुन्हा जड झाली. तारिकनं खुराडी माळ्यावर टाकून दिली, आणि सांगलीच्या खोलीची गोष्ट पुन्हा काही कुणी काढली नाही.

आता वखारीत मधोमध जाळी आहे. एका बाजूला अंड्यावरच्या कोंबड्या, दुसऱ्या बाजूला नव्या खेपेच्या तलंगा. परवाची गोष्ट. समीना खाली वाकून अंडी गोळा करत होती आणि शाहजादीनं मला घेतलं. आधी मोठ्यांच्या बाजूला गेली. शीग चढवली, ‘बरकत’ म्हटलं, ओतलं. मग तलंगांकडे वळली. मला पुन्हा भरलं. मी लाकडी पट्टीची वाट बघत होते. पण पट्टी खुंटीलाच राहिली. शाहजादीनं आपला उघडा तळवा माझ्या काठावर ठेवला आणि हळूच फिरवला. तिच्या जन्मात पहिल्यांदा. खाली पडलेली शीग तिनं पदरात झेलली आणि तलंगांना म्हणाली, “ही तुमचीच हाय गं पोरींनो. अंड्यावर आला की देती.”

मित्रांनो, मला वाटायचं की माझी शीग म्हणजेच माया. त्या दिवशी त्या तळव्याची ऊब काठाला लागली तेव्हा कळलं, की माया शिगेतही असते आणि शीग पुसणाऱ्या हातातही असते. तुम्ही कोंबडी पाळा, वासरू पाळा, दारातल्या कुंडीला पाणी घाला. एवढंच करा, की घालण्याआधी एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवा. काल किती घातलं ते विचारू नका, आज त्याला किती लागतंय ते बघा. आणि तुमच्या घरात फळीवर माझ्यासारखं एखादं काळवंडलेलं माप असेल, तर त्यात नटबोल्ट तेवढे ठेवू नका.

समीना आली बघा, संध्याकाळच्या खाण्याची वेळ झाली.